मागच्या चाकाचे ढिले बेअरिंग : पंच मारावा, चिकटवावे की शाफ्ट लेथवर न्यावा?

पद्मिनीधारक (धागाकर्ता)

आमच्या प्रीमियर पद्मिनीच्या मागच्या डाव्या चाकातून गाडीने वेग घेतला की घुमणारा आवाज येतो आणि गिअर न्यूट्रलला टाकला तरी तो कमी होत नाही. जॅकवर चढवून चाक वरून आणि खालून धरून हलवले, तर खेळ हाताला स्पष्ट जाणवतो. ड्रम काढल्यावर ब्रेकचे लायनरही तेलाने भिजलेले दिसले. चाक फिरवणारा शाफ्ट बाहेर काढला तेव्हा खरे कारण कळले. बेअरिंगची आतली रिंग शाफ्टवर हाताने फिरते, आणि ती बसते तो भाग गुळगुळीत चकाकत असून त्याच्या कडेला विटकरी रंगाची बारीक भुकटी जमली आहे. शाफ्टवर पंच मारून (टोकदार छिन्नीने ठोकून खुणा पाडून) नवे बेअरिंग ठोकून द्यावे, असे मिस्त्रींचे म्हणणे आहे. माझ्या मते ही दुरुस्ती नव्हे, तो दोष काही काळ झाकणे आहे. आपली मते कारणांसह मांडावीत.

गॅरेजवाला

पंचाला एवढे कमी लेखू नये. मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्सी वर्षानुवर्षे अशाच दुरुस्त्यांवर धावल्या, कारण टॅक्सी उभी राहिली की चालकाची त्या दिवसाची कमाई बुडत असे. पंचाच्या प्रत्येक खुणेभोवती धातू वर येतो आणि त्यावर रिंग घट्ट बसते. ज्यांची गाडी महिन्यातून एकदा रविवारी बाहेर पडते, त्यांनी शाफ्टसाठी हजारो रुपये का घालवावेत?

लेथवाला, कोल्हापूर

मी याच्याशी पूर्णपणे असहमत आहे. पंच मारलेल्या शाफ्टवर रिंग टेकते ती फक्त वर आलेल्या टोकांवर. या गाडीच्या सेमी-फ्लोटिंग अॅक्सलमध्ये मागच्या चाकावरचा भार शाफ्ट आणि हे बेअरिंग यांच्यातूनच जातो. चाकाच्या प्रत्येक फेऱ्यात तो रिंगेच्या नव्या भागावर येतो, त्यामुळे ती टोके चेपली जातात आणि रिंग पुन्हा सरकू लागते. धागाकर्त्यांना दिसलेली विटकरी भुकटी म्हणजे अशा सूक्ष्म सरकण्याने झिजून गंजलेले लोखंड आहे. शिवाय टोके एकसारख्या उंचीची नसल्याने बेअरिंग मध्यापासून किंचित ढळते आणि नवे ऑइल सीलही (तेल बाहेर येऊ न देणारी रबरी कडी) लवकर गळू लागते.

टॅक्सींचे उदाहरण येथे लागू पडत नाही. ती गाडी आठवड्यातून अनेकदा मिस्त्रीच्या नजरेखालून जात असे. हौसेने जपलेली गाडी वर्षभर कोणी उघडत नाही.

रसायन अभियंता

दोन्ही टोकांच्या मधला मार्गही आहे. बेअरिंग धरून ठेवणारे अॅनएरोबिक द्रव्य हवा मिळत नाही अशा फटीत धातूच्या संपर्काने घट्ट होते आणि रिंगेच्या संपूर्ण पृष्ठभागाला आधार देते. झीज व्यासात 0.1 मिलिमीटरच्या आत असेल, तर योग्य प्रतीचे द्रव्य विश्वासाने वापरता येते. मात्र आधी मायक्रोमीटरने तीन ठिकाणी आणि प्रत्येक ठिकाणी दोन दिशांनी माप घ्यावे, कारण अशी झीज बहुधा गोल नसते. गिअर ऑइलचा अंशही राहिला तर पकड येत नाही, म्हणून शाफ्ट सॉल्व्हंटने पुसल्यावर पांढऱ्या कापडाला डाग लागेनासा होईपर्यंत स्वच्छ करावा.

लेथवाला, कोल्हापूर

आपले म्हणणे यंत्रांच्या बहुतेक शाफ्टना लागू आहे, पण येथे एक अडचण आपण विचारात घेतलेली नाही. या अॅक्सलमध्ये बेअरिंगला बाहेर सरकू न देणारी कॉलर तापवून शाफ्टवर चढवतात, आणि ती थंड होताना आवळली जाते. अशी कॉलर सुमारे 300 अंश सेल्सिअसपर्यंत तापवावी लागते, तर साधारण प्रतीच्या द्रव्याची पकड 150 अंशांच्या पुढे ढासळू लागते. नेमकी बेअरिंगला टेकूनच ही कॉलर बसते. ती सरकली तर शाफ्ट, ड्रम आणि चाक तिन्ही एकत्र बाहेर येतात, हे ध्यानात ठेवावे. म्हणूनच जुनी कॉलर पुन्हा वापरू नये आणि ती वेल्डिंगचा टाका मारूनही बसवू नये. कडक पोलादाच्या शाफ्टवरचा तो टाका म्हणजे पुढच्या तड्याची सुरुवात असते.

गॅरेजवाला

वेल्डिंगबाबत मी सहमत आहे. परंतु शाफ्ट आणायचा कोठून? उत्पादन थांबून दोन दशके उलटली. कुर्ल्याच्या भंगार बाजारात मिळणारा शाफ्ट त्याच जागी तितकाच झिजलेला निघतो, आणि झीज भरून काढणाऱ्या हार्ड क्रोमचे (क्रोमियमच्या कठीण मुलाम्याचे) चांगले काम प्रत्येक गावात होत नाही. मालकाने गाडी उभीच ठेवावी काय?

लेथवाला, कोल्हापूर

काम होईपर्यंत उभी ठेवावी, असेच मी म्हणेन. झिजलेला भाग आधी ग्राइंड करून गोल करावा, हार्ड क्रोम चढवावे, नंतर शाफ्ट सुमारे 200 अंशांवर काही तास भाजावा, म्हणजे मुलामा देताना पोलादात शिरलेला हायड्रोजन निघून जातो, आणि मग अंतिम ग्राइंडिंग करावे. 30 ते 50 मिलिमीटर व्यासासाठी के-6 बैठकीत (शाफ्ट किती घट्ट बसावा याच्या प्रमाणित मापात) शाफ्ट नाममात्र मापापेक्षा 2 ते 18 मायक्रॉन (मिलिमीटरचे हजारावे भाग) मोठा ठेवतात. कारागिराला हेच माप लिहून द्यावे, ‘घट्ट बसव’ एवढे सांगून भागत नाही. भाजण्याची पायरी टाळणाऱ्या कारखान्यात हा शाफ्ट देऊ नये.

पद्मिनीधारक (धागाकर्ता)

आज माप घेतले. झीज एका दिशेने 0.06 आणि काटकोनातील दिशेने 0.14 मिलिमीटर आहे, म्हणजे ती द्रव्याच्या मर्यादेबाहेर गेली. शाफ्ट ग्राइंडिंगला देत आहे. उजव्या बाजूचा शाफ्टही काढून मोजणार आहे आणि तेल प्यायलेले लायनर दोन्ही चाकांचे बदलणार आहे.

गॅरेजवाला

उजव्या बाजूला खेळ नसेल तर ती उघडू नये, असे माझे मत कायम आहे. शाफ्ट ओढून काढताना चांगले बेअरिंगही अनेकदा खराब होते.