कम्युनिकेटिंग थर्मोस्टॅट लावला, स्क्रीन उजळते पण फर्नेस सापडत नाही

ध्रुवतारा:
घर तापवणारी दोन स्टेजची (कमी आणि पूर्ण जोराची) गॅस फर्नेस आहे, तिचा कंट्रोल बोर्ड कम्युनिकेटिंग, म्हणजे थर्मोस्टॅटशी डेटावरून बोलणारा. बाहेरचं एसी युनिट मात्र साधं, एका स्टेजचं. भिंतीतून १८ गेजची पाच तारांची केबल येते. जुना थर्मोस्टॅट आर (२४ व्होल्ट), सी (कॉमन), डब्ल्यू (हीटिंग), वाय (कूलिंग), जी (पंखा) वर होता. नव्याला चारच टर्मिनलं: ए, बी, सी, डी. लाल डी ला, निळी सी ला, हिरवी ए ला, पिवळी बी ला लावली. पांढरी मोकळी ठेवली. फर्नेसकडची टोकं आहेत तशीच आहेत. स्क्रीन चालू होते, मग 'उपकरण सापडले नाही'. थर्मोस्टॅट खराब निघाला म्हणायचा का?

चोवीस_व्होल्ट:
थर्मोस्टॅट ठीक आहे. स्क्रीन उजळते कारण डी-सी च्या लाल-निळीतून २४ व्होल्ट (अल्टरनेटिंग करंट) पोचतोय. पण हिरवी बोर्डावर अजून जी वर आहे आणि पिवळी वाय वर. ए आणि बी या डेटाच्या तारा; तिथे त्यांची भाषा ऐकणारं कोणी नाही. वर त्याच वाय च्या स्क्रूवर बाहेरच्या युनिटची तारही असणार, म्हणजे तुमची डेटाची तार कॉन्टॅक्टरच्या (बाहेरचं युनिट चालू करणाऱ्या मोठ्या रिलेच्या) कॉइलमधून थेट सी ला जाऊन मिळाली आहे.

बोर्डावर ए-बी-सी-डी चा वेगळा कनेक्टर असतो, स्क्रूंच्या जुन्या रांगेपासून बाजूला. थर्मोस्टॅटकडून येणाऱ्या चारही तारा तिथे न्या. आधी ब्रेकर बंद करा; फर्नेसच्या झाकणामागच्या स्विचवर विसंबू नका. टोकं ६-७ मिलिमीटर सोला, प्लास्टिक स्क्रूखाली जाऊ देऊ नका आणि तांबंही बाहेर डोकावू देऊ नका. डी ची तार चुकून ए किंवा बी ला टेकली तर फ्यूज जाण्यावर भागत नाही, बोर्डावरची कम्युनिकेशनची चिप जळू शकते. मग बोर्डच बदलावा लागतो.

बाहेरून आलेल्या दोन तारा मात्र जुन्याच रांगेत राहू द्या: एक वाय ला, दुसरी सी ला. कूलिंगची मागणी थर्मोस्टॅट डेटावरून बोर्डाला देतो आणि बोर्ड कॉन्टॅक्टरला ओढतो. वाय वर भिंतीकडची तार उरता कामा नये. डब्ल्यू वरची पांढरीही काढा. एकाच बोर्डाला साधी आणि कम्युनिकेटिंग अशी दोन्ही मागणी देऊ नये.

गाठमारे:
रंगांवर जाऊ नका. कॅरिअरच्या इन्फिनिटी पद्धतीत ए हिरवी, बी पिवळी, सी पांढरी, डी लाल अशी शिफारस आहे. साध्या वायरिंगमध्ये पांढरी म्हणजे हीटिंग, इथे ती कॉमन. तुमची निळी सी ला असली तरी चालेल, दोन्ही टोकांना तीच तार त्याच अक्षराला आली की झालं. लेनॉक्सच्या आयकम्फर्टमध्ये आर, आय अधिक, आय उणे, सी असतात. रीमच्या इकोनेटमध्ये ई१, ई२, आर, सी. एका कंपनीचा कम्युनिकेटिंग थर्मोस्टॅट दुसरीच्या फर्नेसशी बोलत नाही, तेव्हा मॉडेल नंबर जुळवून घ्या.

ए-बी उलट झाल्या तरी हाच संदेश येतो. आणि केबल मुख्य विजेच्या वायरिंगला चिकटून लांबवर गेली असेल तर संपर्क मधूनमधून तुटतो. ओलांडायचीच असेल तर काटकोनात ओलांडा. मध्ये कुठे ढिली पिळलेली जोडणी असेल तर ती आधी नीट करा. साध्या थर्मोस्टॅटला ती चालून जायची, डेटाला चालत नाही.

ध्रुवतारा:
तारा हलवल्या. आता स्क्रीनच काळी.

चोवीस_व्होल्ट:
ब्लोअरचं (फर्नेसच्या पंख्याचं) झाकण नीट बसलंय का? त्यामागचा स्विच दाबला गेला नाही तर बोर्डाला वीजच मिळत नाही. बसलं असेल तर बोर्डावरचा गाडीसारखा चपटा फ्यूज बघा. जांभळा ३ अँपिअरचा, फिकट तपकिरी ५ चा. उडाला असेल तर कुठेतरी आर (नव्या कनेक्टरवर डी) आणि सी टेकलेत, बहुतेक नव्या कनेक्टरच्या तोंडाशी बाहेर डोकावणाऱ्या तांब्यामुळे. ते शोधून मगच फ्यूज घाला, आणि तेवढ्याच अँपिअरचा. मोठा घातलात तर पुढच्या वेळी ट्रान्सफॉर्मर जळेल. मग मीटर एसी व्होल्टवर ठेवून सी-डी मध्ये २४ ते २८ व्होल्ट दिसायला हवेत.

ध्रुवतारा:
फ्यूजच होता. फर्नेस सापडली, एसी युनिट यादीत नाही.

गाठमारे:
साधं युनिट स्वतःहून सापडणार नाही, त्याला बोलताच येत नाही. सेटअपमध्ये जाऊन एका स्टेजचं एसी आणि त्याची टनांमधली क्षमता हाताने भरा. ब्लोअर किती हवा ढकलणार ते त्यावरून ठरतं; चुकीची क्षमता भरली की एसीच्या घरातल्या थंड कॉइलवर बर्फ धरतो किंवा दमटपणा निघत नाही.

हीटिंगच्या स्टेजचा वेळ ठरवणारा बोर्डावरचा डिप स्विच (सेटिंगची चिमुकली कळ) साध्या थर्मोस्टॅटसाठी असतो. आता स्टेज थर्मोस्टॅट ठरवतो. रात्री तापमान फार खाली सोडू नका. सकाळी मोठी उडी मारायची झाली की फर्नेस हाय स्टेजवरच धावते, आणि साधारण ६५-७० टक्क्यांवर शांत चालणारी लो स्टेज नावापुरती उरते. उन्हाळ्यात पंखा सतत चालू न ठेवता ऑटोवर ठेवा, नाहीतर कॉइलवरचं पाणी परत खोलीतच उडतं.

पुढे कधी फर्नेस बंद पडली तर वीज तोडण्याआधी बोर्डावरच्या एलईडीचा कोड लिहून घ्या. काही बोर्डांत वीज गेली की कोडही जातो. गॅसचा वास आला तर मात्र कोडबिड बघत बसू नका, कुठलाही स्विच न दाबता बाहेर पडा आणि गॅस कंपनीला तिथूनच फोन करा.