कंट्रोल-सी दाबूनही पायथन स्क्रिप्ट थांबत नाही, सीपीयू १०० टक्के

रिकामा_रकाना

उबुंटू २२.०४, पायथन ३.१०. वीजबिलांच्या नोंदींची सीएसव्ही फाईल आहे, साधारण ४०,००० ओळी. तिसऱ्या रकान्यातल्या आकड्यांची बेरीज हवी आहे. स्क्रिप्टची रचना अशी: बाहेर 'व्हाइल ट्रू' (न संपणारा लूप), त्याच्या आत 'ट्राय'. ट्रायमध्ये आधी रीडलाइन (एक ओळ वाचणं), मग ओळ 'नन' (काहीच नाही) असेल तर ब्रेक (लूपमधून बाहेर), मग लॉग फाईलमध्ये एक नोंद, मग स्वल्पविरामावर स्प्लिट (तुकडे करणं) आणि बेरीज. काही ओळींत आकड्याच्या जागी नुसता डॅश आहे, त्यासाठी खाली साधं 'एक्सेप्ट' (एरर पकडणारा भाग) टाकून त्यात 'कंटिन्यू' (पुढच्या फेरीला जा) लिहिलंय.

फाईल संपली तरी स्क्रिप्ट संपत नाही. कंट्रोल-सी दाबलं की स्क्रीनवर खूण उमटते, पण काम चालूच. क्वचित सहा-सात वेळा दाबल्यावर थांबतेही. मशीन रीस्टार्ट न करता थांबवायची कशी? आणि अडकते नेमकी कुठे?

प्रोसेस_पाटील

रीस्टार्ट कशाला? त्याच टर्मिनलमध्ये कंट्रोल-झेड दाबा. कंट्रोल-सी सिगइंट हा २ नंबरचा सिग्नल पाठवतं, पायथन त्याचा 'कीबोर्डइंटरप्ट' हा एरर करतं आणि तुमचं मोकळं, म्हणजे एररचं नाव न दिलेलं, एक्सेप्ट तो गिळून टाकतं. कंट्रोल-झेडच्या सिग्नलला पायथन हात लावत नाही, त्यामुळे कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) प्रोसेस जागच्या जागी गोठवतं. मग 'जॉब्स' टाइप करून क्रमांक बघा आणि 'किल %१' द्या.

नुसतं गोठवून टर्मिनल तसंच सोडू नका. सीपीयू खाली येतो, पण मेमरी आणि उघड्या फाइली अडकलेल्याच राहतात.

दुसऱ्या टर्मिनलवरून थांबवायची असेल तर 'पीग्रेप -एएफ पायथन' ने पीआयडी (प्रोसेसचा क्रमांक) काढा आणि किल करा. 'किल -९', म्हणजे सक्तीने मारणं, हा शेवटचा उपाय. आधी साधं किल, म्हणजे १५ नंबरचा सिग्नल, म्हणजे पायथनला आवरायला वेळ मिळतो.

सिगटर्म

शेवटचं वाक्य सगळीकडे वाचायला मिळतं, पण पायथनच्या बाबतीत ते अर्धंच खरं आहे. १५ साठी तुम्ही स्वतः हँडलर (सिग्नल आल्यावर चालणारं फंक्शन) लावला नसेल तर पायथन काहीही आवरत नाही. शेवटी आवरण्यासाठी लिहिलेलं 'फायनली' चालत नाही, 'अ‍ॅटएक्झिट' चालत नाही, बफरमध्ये (मेमरीतल्या तात्पुरत्या साठ्यात) राहिलेलं फाईलमध्ये उतरत नाही. म्हणजे या स्क्रिप्टपुरता १५ आणि ९ मध्ये फरक शून्य. आवरून बाहेर पडायला हवं असेल तर सिग्नल मॉड्यूलने १५ ला हँडलर लावा आणि त्यात 'सिस.एक्झिट' बोलवा. पण मोकळं एक्सेप्ट तसंच ठेवलंत तर ते हा एक्झिटही गिळेल!

आणखी एक. कंट्रोल-झेडने गोठवलेल्या प्रोसेसला दुसऱ्या टर्मिनलवरून १५ पाठवला तर काहीच घडत नाही. सिग्नल दाराशी थांबून राहतो, 'किल -कॉन्ट' दिल्यावर लागू होतो. बॅशचं 'किल %१' हे जागं करण्याचं काम स्वतःच करतं, म्हणून तिथे हा घोळ दिसत नाही.

बायसेक्ट_बाई

आता कारण. रीडलाइन फाईल संपल्यावर 'नन' देत नाही, रिकामी स्ट्रिंग (एकही अक्षर नसलेला मजकूर) देते. त्यामुळे तुमची ब्रेकची अट कधीच खरी होत नाही. रिकाम्या स्ट्रिंगचं स्प्लिट केलं की एकाच घटकाची यादी मिळते, तिसरा रकाना मागितला की इंडेक्सएरर येतो, एक्सेप्ट तो दाबतं, कंटिन्यू परत वर नेतं आणि रीडलाइन पुन्हा रिकामी स्ट्रिंग देते. हेच चक्र सेकंदाला हजारो वेळा.

क्वचित थांबते त्याचंही कोडं नाही. कीबोर्डइंटरप्ट नेमका कंटिन्यूच्या ओळीवर किंवा लूपच्या तोंडाशी, म्हणजे ट्रायच्या बाहेर, पडला तर त्याला पकडणारं कोणी नसतं. वेळेचा मोठा वाटा ट्रायच्या आत जातो, म्हणून तसा योग क्वचित येतो.

दुरुस्ती: व्हाइल आणि रीडलाइन दोन्ही काढा, सरळ फाईलवर 'फॉर' फिरवा. फाईल संपली की फॉर आपोआप थांबतो. एक्सेप्टला नाव द्या. डॅशसाठी व्हॅल्यूएरर पुरे. इंडेक्सएरर पकडू नका, ओळीत रकाने कमी असतील तर ते कळायलाच हवं. आणि ट्रायमध्ये फक्त आकडा बदलण्याची एक ओळ ठेवा. अगदी सगळंच पकडायचं असेल तर 'एक्सेप्ट एक्सेप्शन' लिहा. कीबोर्डइंटरप्ट आणि सिस्टिमएक्झिट त्या कुळातले नाहीत, ते निसटून जातात, म्हणून कंट्रोल-सी चालतं.

रिकामा_रकाना

फॉर लावल्यावर काही सेकंदांत संपली, धन्यवाद. पण आधीच्या गोंधळात लॉग ३१ जीबी झाला होता. प्रोसेस चालू असतानाच आरएम (फाईल पुसण्याची कमांड) केला, फाईल यादीतून गेली, पण डीएफमध्ये (डिस्कची जागा दाखवणारी कमांड) जागा तेवढीच भरलेली दिसत होती. असं का?

प्रोसेस_पाटील

आरएम फक्त नाव पुसतं. प्रोसेसने फाईल उघडी धरलेली असेतो मजकूर डिस्कवरच असतो. 'एलएसओएफ +एल१' दिलं की अशा नाव गेलेल्या पण उघड्या फाइली दिसतात. प्रोसेस मेली की जागा लगेच सुटते. आता पुन्हा डीएफ बघा, सुटलेली असेल.

प्रोसेस चालू ठेवूनच जागा हवी असेल तर आरएमऐवजी 'ट्रंकेट -एस ०' ने फाईल रिकामी करा. मात्र लॉग 'अपेंड' (शेवटी जोडत जाणाऱ्या) मोडमध्ये उघडलेला हवा. 'राइट' मोडमध्ये उघडला असेल तर पुढची नोंद जुन्याच जागी, ३१ जीबीच्या पुढे पडते आणि एलएस (फाइलींची यादी) पुन्हा तोच आकार दाखवतं. डिस्कवर तेवढी जागा खरोखर गेलेली नसते, मधलं भगदाड असतं. पण बघणाऱ्याचा जीव घाबरा होतो.

बायसेक्ट_बाई

पुढच्या वेळी स्क्रिप्ट मारण्याआधी तिला विचारा की ती कुठे अडकली आहे. चालू प्रोसेसवर पाय-स्पाय या टूलची कमांड 'पाय-स्पाय डम्प --पीआयडी' आणि पुढे पीआयडी दिलं की त्या क्षणीचा स्टॅक (कोणतं फंक्शन कुठून बोलावलं त्याची यादी) ओळ क्रमांकासह मिळतो, स्क्रिप्टमध्ये काहीही बदलावं लागत नाही. उबुंटूवर सुडो (प्रशासकाचे अधिकार) लागतो. पाय-स्पाय व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटमध्ये (पायथनच्या वेगळ्या फोल्डरमध्ये) टाकलं असेल तर सुडोला ते सापडत नाही, पूर्ण पाथ द्या. दोन-दोन सेकंदांनी तीन-चार डम्प घ्या. तळाच्या ओळी त्याच आणि वरच्या बदलत असतील तर लूप त्या तळाच्या ओळींत आहे. सगळेच डम्प हुबेहूब एक असतील आणि सीपीयू शून्याजवळ असेल तर तो लूप नव्हे, स्क्रिप्ट कशाची तरी वाट बघतेय: नेटवर्क, लॉक किंवा इनपुट. त्याचा इलाज वेगळा.

पाय-स्पाय टाकता येत नसेल तर स्क्रिप्टच्या सुरुवातीला फॉल्टहँडलर मॉड्यूलचं 'डम्प_ट्रेसबॅक_लेटर' लावा, ३० सेकंद आणि रिपीट ट्रू. दर अर्ध्या मिनिटाला स्टॅक छापला जातो.

सिगटर्म

क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी आपोआप चालवणाऱ्या सोयीत) लावणार असाल तर पुढे टाइमआउट जोडा: 'टाइमआउट -के ५ १२०', मग पायथनची कमांड. १२० सेकंदांनी १५ जातो, तरी नाही ऐकलं तर ५ सेकंदांनी ९. पहिल्यावर थांबली तर एक्झिट कोड १२४ येतो, त्यावर मेल लावता येतो.

रिकामा_रकाना

शेवटचा प्रश्न. दुसऱ्या एका स्क्रिप्टमध्ये रीडलाइन ठेवावंच लागणार आहे. तिथे फाईलच्या मध्ये रिकाम्या ओळी आहेत. रिकामी स्ट्रिंग आली की ब्रेक केलं तर ती मध्येच थांबणार नाही का?

बायसेक्ट_बाई

नाही. मधल्या रिकाम्या ओळीत न्यूलाइन (ओळ संपल्याची खूण) असतं, म्हणून ती पूर्ण रिकामी नसते. फाईलच्या शेवटी मात्र खरोखर काहीच मिळत नाही. फक्त स्ट्रिप (कडेच्या मोकळ्या जागा आणि न्यूलाइन काढणं) ब्रेकच्या तपासणीनंतर करा. आधी केलंत तर दोन्ही सारख्याच दिसतील आणि पहिल्या रिकाम्या ओळीवर स्क्रिप्ट गुपचूप संपेल, एररही न देता.