बाळंतपणात खूप रक्त गेलं, नंतर पाळी बंद. टीएसएच (थायरॉईडला चालना देणारं हार्मोन) नॉर्मल, तर पुढे काय तपासायचं?

सत्तरीची नर्स
वाळपईकडची ३१ वर्षांची बाई. तीन वर्षांमागे बाळंतपणात वार अडकली, चार पिशव्या रक्त चढवावं लागलं. अंगावर दूध आलंच नाही, पाळीही परतली नाही. आता सतत थकवा, मे महिन्यातसुद्धा थंडी वाजते, काखेतले केस गेलेत, बीपी ९०/६०. टीएसएच २.१ आल्यामुळे 'थायरॉईड नाही' म्हणून फक्त लोहाच्या गोळ्या चालू आहेत.

लॅबवाला, फोंडा
इथे टीएसएचवर विसंबू नका. ते पिट्युटरीतूनच (मेंदूखालच्या, इतर ग्रंथींना चालवणाऱ्या ग्रंथीतून) येतं. ती ग्रंथीच दुबळी झाली तर थायरॉक्सिन (थायरॉईडचं हार्मोन) घटलं तरी टीएसएच वाढत नाही. फ्री टी४ करा, म्हणजे रक्तातलं मोकळं थायरॉक्सिन. सोबत कॉर्टिसोल (शरीराचं स्वतःचं स्टिरॉइड), प्रोलॅक्टिन (दुधाचं हार्मोन), एफएसएच (बीजांड वाढवणारं हार्मोन), सोडियम, साखर. कॉर्टिसोलचं रक्त सकाळी ८ ते ९ मध्येच घ्या, दुपारच्या आकड्यावरून काही ठरत नाही. स्टिरॉइड कुठल्याही रूपात चालू असेल तर चिठ्ठीवर लिहा.

डॉक्टर, म्हापसा
लक्षणं शीहान सिंड्रोमची आहेत. गरोदरपणात पिट्युटरी मोठी होते, पण तिचा रक्तपुरवठा कमी दाबाचा. खूप रक्त जाऊन बीपी कोसळलं की तिचा भाग मरतो. दूध न येणं ही पहिली खूण, आणि नेमकी तीच घरात 'कोणाकोणाला येत नाही' म्हणून सोडून देतात.

सकाळचं कॉर्टिसोल डेसिलीटरला ३ मायक्रोग्रॅमच्या खाली असेल तर कमतरता नक्की. मधल्या आकड्यांना सिनॅक्थेन चाचणी (इंजेक्शन देऊन कॉर्टिसोल वाढतं का ते बघणं) लागते. जुन्या केसमध्ये एमआरआयवर पिट्युटरीची जागा बहुधा रिकामी दिसते.

एक गोष्ट कृपया विसरू नका: कॉर्टिसोल कमी असताना आधी थायरॉक्सिन देऊ नये. त्याने उरलंसुरलं कॉर्टिसोल लवकर संपतं आणि बाई शॉकमध्ये जाऊ शकते. आधी हायड्रोकॉर्टिसोन (कॉर्टिसोलच, औषधाच्या रूपात), साधारण दिवसाला १५ ते २० मिलिग्रॅम, मोठा डोस सकाळी उठल्यावर. थायरॉक्सिन त्यानंतर, आणि त्याचा डोस फ्री टी४ बघून ठरवायचा. तिला बांबोळीला जीएमसीत (गोवा मेडिकल कॉलेजात) पाठवा, बाळंतपणाचे कागद सोबत द्या.

सत्तरीची नर्स
स्टिरॉइड म्हटल्यावर घरचे घाबरलेत. दुसरं मूल होईल का, हेही विचारतात.

डॉक्टर, म्हापसा
शरीर जे बनवत नाही तेवढंच आपण देतोय, म्हणून या डोसने सूज सहसा येत नाही. गोळी जन्मभर, मनाने बंद करायची नाही. ताप आला तर डोस दुप्पट. उलट्या होऊन गोळी टिकत नसेल तर हायड्रोकॉर्टिसोन १०० मिलिग्रॅमचं इंजेक्शन तातडीने हवं. १०८ बोलवा आणि आजाराचं नाव आधी सांगा. तसं कार्ड तिच्या पर्समध्ये असू द्या. मूल होऊ शकतं, बीजांडासाठी इंजेक्शनं लागतात. पण आधी हे हार्मोन ताळ्यावर यायला हवेत.