शब्दचर्चा : शिक्षणहक्काच्या फेरीतले फलक – ‘सक्ती’, ‘हक्क’, ‘शाळाबाह्य’ वगैरे

कट्टेकरी
२४ जानेवारीला आंतरराष्ट्रीय शिक्षण दिन. कॉलेजची मुलं कोल्हापुरात दसरा चौक ते बिंदू चौक फेरी काढणार आहेत. विषय जगभरातल्या मुलांचा शिक्षणहक्क. फलकांचा कच्चा मजकूर असा आहे :
‘सर्वांना शिक्षेचा अधिकार’
‘प्रत्येक विद्यार्थ्याला शिक्षणाचा हक्क’
‘वैश्विक शिक्षण, आमची मागणी’
‘सक्तीचे शिक्षण, देशाचे रक्षण’
‘शाळागळती थांबवा’
‘आरटीई जाणून घ्या’
रंगवायला देण्याआधी जाणकारांनी नजर टाकावी.

ऱ्हस्वदीर्घ
पहिला फलक आधी फाडा. हिंदी पत्रकावरून उचललेला दिसतोय. हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण, आपल्याकडं शिक्षा म्हणजे छडी नाहीतर तुरुंग. ‘सर्व शिक्षा अभियान’ या सरकारी नावावर मराठीत इतकी वर्षं विनोद झाले ते यामुळंच. वर गंमत अशी, की २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या (आरटीई) कलम १७ नं मुलाला शारीरिक शिक्षा करायला बंदी घातली आहे. फलक मात्र म्हणणार, सर्वांना शिक्षेचा अधिकार!

दुसरा फलक व्याकरणात बरोबर, अर्थात चूक. विद्यार्थी म्हणजे जो शिकतोच आहे तो. फेरी कुणासाठी? जो वर्गात नाही त्याच्यासाठी. कायदासुद्धा ‘बालक’ म्हणतो. फलकावर ‘बालक’ कोरडं वाटतं, तिथं ‘मूल’ लिहा : ‘प्रत्येक मुलाला शिक्षणाचा हक्क’. मुलाला म्हटल्यावर मुली सुटल्या असं कुणाला वाटलं तर ‘प्रत्येक मुलामुलीला’ करा, लय बिघडत नाही.

‘वैश्विक’ नको. वैश्विक किरण असतात. सगळ्या माणसांना सारखं लागू होणारं ते सार्वत्रिक, जसं सार्वत्रिक मतदान. १९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यातलं कलम २६ शिक्षण प्रत्येकाचा हक्क ठरवतं. हा झाला सार्वत्रिक हक्क. ‘जागतिक’ हे विशेषण दिनाला, परिषदेला, मोहिमेला लावा. पण रस्त्यावरच्या माणसाला दोन्ही जड. ‘जगातल्या प्रत्येक मुलाला शाळा’ एवढं पुरे.

नदीवेस
हक्क की अधिकार?

ऱ्हस्वदीर्घ
दोन्ही चालतात. संविधानाच्या मराठी पाठात ‘मूलभूत हक्क’ आहेत, २००५ चा कायदा मात्र ‘माहितीचा अधिकार’. बोलण्यातली छटा वेगळी. अधिकारात पद आणि हुकूम डोकावतो, म्हणून तर अधिकारी. हक्कात आपलं असलेलं मागण्याचा भाव : हक्काची रजा, हक्काचं घर. मुलाच्या बाजूनं बोलायचं तर हक्कच. फक्त पेंटरला बजावा, ‘हक’ नव्हे, ‘हक्क’.

मोडीवाचक
‘सक्ती’वर जरा सविस्तर, कारण हा शब्द कोल्हापुरात इतर गावांसारखा वाचला जात नाही.

शाहू महाराजांनी १९१७ साली करवीर म्हणजे कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. त्याआधी १९०६ मध्ये सयाजीरावांनी बडोद्यात केलं होतं. ब्रिटिश मुलखासाठी गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९११ ला विधेयक मांडलं, ते फेटाळलं गेलं. करवीरच्या कायद्यात सक्तीचा रोख पालकावर होता : पोर शाळेत धाडलं नाही तर महिन्याला एक रुपया दंड. त्या काळी मजुरीवर जगणाऱ्या घराला हा रुपया चांगलाच झोंबणारा होता, आणि तो तसा झोंबावा हाच हेतू. म्हणून इथल्या जुन्या माणसाच्या कानात ‘सक्तीचं शिक्षण’ म्हणजे ‘पोरगं धाड, नाहीतर दंड भर’.

२००९ च्या कायद्याचं नावही ‘बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क’. शब्द तोच, रोख फिरला. कलम ८ मधलं स्पष्टीकरण वाचा. सक्तीचं शिक्षण म्हणजे सरकारवरचं बंधन : ६ ते १४ वयाच्या प्रत्येक मुलाला मोफत शिक्षण देणं, आणि त्याचा प्रवेश, हजेरी व शिक्षण पुरं होणं याची खात्री करणं. पालकाला कलम १० आहे, पण तिथं मुलाला शाळेत घालणं हे ‘कर्तव्य’ म्हटलंय आणि दंड ठेवलेला नाही.

आता ‘सक्तीचे शिक्षण, देशाचे रक्षण’ घेऊन मुलं एखाद्या वस्तीत शिरली की आई-बाप काय समजणार? धमकी. जो हक्क सांगायला गेलो तोच अंगावर आल्यासारखा वाटतो आणि दारं लागतात. म्हणून ‘सक्ती’ एकटी सोडायची नाही, ती कुणावर हे त्याच ओळीत यायला हवं. घोषणा दोन तुकड्यांत द्या. पुढचा विचारेल, ‘सक्ती कुणावर?’ मागचे म्हणतील, ‘सरकारवर!’ मग ‘शाळा कुणाला?’ – ‘प्रत्येक मुलाला!’ (‘देशाचे रक्षण’ हे निव्वळ यमकासाठी आलंय, ते जाऊ दे.)

‘मोफत’च्या जागी ‘फी माफ’ लिहू नका. माफ म्हणजे फी होती, कुणीतरी उदार होऊन सोडली. मोफत म्हणजे ती मुळात नाहीच. ‘फुकट’ तर नकोच, आपल्याकडं फुकटचं म्हणजे किंमत नसलेलं. आणि ‘प्राथमिक शिक्षण मोफत’ एवढ्यावर थांबू नका. कायद्यात ते पहिली ते आठवी आहे, पण प्राथमिक म्हटलं की गावात चौथीपर्यंतच धरतात. सरळ ‘आठवीपर्यंत मोफत’ लिहा.

ऊसपट्टा
‘शाळागळती’बद्दल. गळती या शब्दात करणारा कुणी नाही, आपोआप गळतंय. आठवीनंतर घरच्या कामापायी मूल सुटतं तिथं तो शब्द एकवेळ चालवू. पण अफगाणिस्तानात २०२१ पासून मुलींना सहावीच्या पुढं शाळा नाही, त्याला गळती म्हणणं म्हणजे दार लावणाऱ्याला झाकणं. ती बंदी. फेरी जगभरासाठी असेल तर हा फरक फलकावर दिसलाच पाहिजे.

आपल्या जिल्ह्यातला शब्द ‘शाळाबाह्य’. याचा सरकारी अर्थ तीन पदरी : नाव कधी घातलंच नाही, घातलं पण प्राथमिक शिक्षण पुरं झालं नाही, किंवा मूल सलग महिनाभर गैरहजर आहे. तिसरा पदर लोकांना ठाऊकच नसतो. हंगामात कारखान्याच्या तळावर ऊसतोडीच्या टोळ्या उतरल्या की त्यांच्या कोप्यांवर (झोपड्यांवर) जाऊन ‘मूल शाळाबाह्य आहे का?’ विचाराल तर उत्तर येतं, ‘न्हाई, नाव हाय की गावाकडं.’ ते खरंच असतं. पटावर नाव गावी, पोर इथं फडात पाचट गोळा करतंय. पट आणि हजेरी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. म्हणून मुलांनी असं विचारावं :
‘गावच्या शाळेत शेवटचं कधी गेलं होतं?’
‘कितवीत होतं?’
‘शिक्षण हमी कार्ड आणलंय का?’

हे कार्ड गावची शाळा स्थलांतर करणाऱ्या मुलाला देते, ते दाखवलं की इथल्या शाळेत बसवून घेतात. नसलं तरी अडवता येत नाही : दाखला यायला उशीर झाला म्हणून (कलम ५) किंवा वयाचा पुरावा नाही म्हणून (कलम १४) प्रवेश नाकारायचा नाही, आणि मागं पडलेल्या मुलाला वयाच्या मानानं वर्ग द्यायचा (कलम ४). पत्रकावर कलमांचे आकडे छापा, मुख्याध्यापकांशी बोलताना उपयोगी पडतात.

‘साखरशाळा’ हा शब्द जपून वापरा. कारखान्याच्या तळावर हंगामापुरती चालते ती साखरशाळा. तळाजवळ नेहमीची जिल्हा परिषदेची शाळा असेल आणि मुलं तिथंच बसत असतील तर ती साखरशाळा नव्हे.

नदीवेस
शेवटच्या फलकाचं काय? ‘आरटीई जाणून घ्या’ मध्ये चूक तर दिसत नाही.

मोडीवाचक
चूक नाही, पण अर्थ आक्रसलाय. इथं आरटीई म्हणजे खासगी शाळेतल्या २५ टक्के जागांची सोडत, बास. ‘पोराचा आरटीईत नंबर लागला’ असंच बोलतात. ते कायद्यातलं एक पोटकलम, १२(१)(ग). फलक वाचून लोक विचारणार, फॉर्म कधी सुटणार? मुलांकडं उत्तर नसेल तर फेरी तिथंच फसते. ‘शिक्षणहक्क कायदा’ असं पूर्ण लिहा.

ब्रशवाला
मजकूर ठरला की लिहिण्याचं बघा. एका ओळीत चारपाच शब्द, दोन ओळींच्या वर नाही. दहा फुटांवरून वाचायचं तर अक्षर किमान इंचभर उंच, रस्त्यापलीकडून वाचायचं तर तीन इंच. मराठीत वर वेलांटी-रफार, खाली उकार येतो. दोन ओळींत अक्षराच्या उंचीएवढी जागा सोडा, नाहीतर वरचा उकार खालच्या वेलांटीत घुसतो.

फ्लेक्स करणार असाल तर मोबाइलवर टाइप केलेला मजकूर तसाच पाठवू नका. दुकानात बऱ्याचदा जुने डीटीपी फाँट असतात, मोबाइलवरचा युनिकोड मजकूर त्यात गेला की जोडाक्षरं फुटतात. ‘हक्क’, ‘शाळाबाह्य’, ‘विद्यार्थ्यांना’ हे तीन शब्द हमखास मोडतात. अक्षरं कर्व्ह केलेली (म्हणजे फाँट न लागणारं चित्र झालेली) पीडीएफ द्या आणि छापण्याआधी प्रूफचा फोटो मागून हेच तीन शब्द आधी बघा.

कट्टेकरी
आभार. सुधारून असं केलंय :
‘जगातल्या प्रत्येक मुलाला शाळा’
‘सक्ती कुणावर? सरकारवर!’
‘आठवीपर्यंत मोफत – शिक्षणहक्क कायदा २००९’
‘दाखला नाही? तरी प्रवेश द्या’
‘मुलींच्या शाळेवरची बंदी उठवा’

ऱ्हस्वदीर्घ
चौथ्यात ‘शाळेचा दाखला’ करा. नुसता दाखला म्हटलं तर कुणी जातीचा समजेल, कुणी उत्पन्नाचा. पाचव्यात देशाचं नाव घाला, नाहीतर बंदी कोल्हापुरात आहे असं वाटेल.