विंडोज १० वरून ११ वर जाताना घरच्या कॉम्प्युटरची काय तयारी केलीत? नाशिककरांनो, अनुभव लिहा

गंगापूर रोडवरून, धागा सुरू करतोय

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट, म्हणजे मायक्रोसॉफ्टकडून येणारे नेहमीचे सुरक्षा अपडेट, संपला. त्याच्या आधीपासून आमच्या बिल्डिंगमध्ये जो भेटेल तो एकच विचारतोय, तुम्ही केलं का हो अपग्रेड? आणि ज्यांनी केलं त्यातल्या निम्म्यांचं काही ना काही राहून गेलं, कुणाचे फोटो, कुणाचा पासवर्ड, कुणाचा जुना प्रिंटर. अपग्रेड म्हणजे बटण दाबून तासाभराचं काम आहे, पण त्याच्या आधीचं घर आवरणं कुणी सांगत नाही. तर तुम्ही ते कसं आवरलंत, काय राहिलं, काय वाचलं ते लिहा. कॉन्फिगरेशन लिहायलाच पाहिजे असं नाही, घडलं तसं लिहा.

आधी माझं सांगतो. २०१९ चा असेंबल केलेला डेस्कटॉप, आय फाइव्ह नववी जनरेशन. मायक्रोसॉफ्टचं पीसी हेल्थ चेक (मशीनवर ११ चालेल का ते सांगणारं ॲप) टाकलं तर म्हणे टीपीएम २.० (विंडोज ११ ला लागणारी सुरक्षेची सोय) सापडत नाही, हे मशीन चालणार नाही. मी जवळजवळ नवीन घ्यायलाच निघालो होतो. दुकानात पण "साहेब बोर्ड बदला" असंच सांगितलं. मग मीच वाचत बसलो तर कळलं की इंटेलच्या आठव्या जनरेशनपासून पुढच्या बहुतेक मशीनमध्ये टीपीएम आतच असतं, फक्त बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये) बंद असतं, इंटेलवाल्यांकडे त्याला पीटीटी म्हणतात आणि एएमडीकडे एफटीपीएम. कॉम्प्युटर चालू करताना डिलीट बटण दाबत बायोसमध्ये गेलो, पीटीटी चालू केलं, आणि तिथेच ११ ला लागणारं सिक्युअर बूट दिसलं म्हणून त्याच दमात सीएसएम (जुन्या पद्धतीने बूट होऊ देणारी सोय) बंद करून टाकलं. झालं. पुढच्या वेळी काळा पडदा, बूट डिव्हाइस सापडत नाही. बाबांची सगळी पत्रं, सोसायटीचे नऊ वर्षांचे हिशेब त्याच डिस्कवर. आई दारातून दोनदा विचारून गेली, "चालू झाला का रे?" आणि माझ्या तोंडून शब्द फुटेना.

डिस्क जशीच्या तशी होती. विंडोज डिस्कच्या जुन्या एमबीआर मांडणीवर टाकलेलं होतं आणि यूईएफआयला, म्हणजे नव्या पद्धतीच्या बायोसला, जीपीटी ही नवी मांडणी लागते, एवढंच. सीएसएम परत चालू केलं आणि विंडोज पहिल्यासारखं उघडलं. मग एक्स्टर्नल डिस्कवर सगळं काढून घेतलं, एमबीआर टू जीपीटी नावाची जी कमांड विंडोजमध्येच असते ती आधी नुसती व्हॅलिडेट करून पाहिली, हिरवा कंदील मिळाल्यावर कन्व्हर्ट केलं आणि त्यानंतर सीएसएम बंद केलं. क्रम महत्त्वाचा आहे मंडळी, आधी कन्व्हर्ट, मग बायोस. मी उलटं केलं होतं आणि तेही बॅकअप न घेता.

इंदिरानगर, अकाउंटचं काम घरून करते

आमच्याकडे पहिला नियम म्हणजे तारीख बघून हात लावायचा. जीएसटीची रिटर्न भरायची असतात, ११ तारखेला जीएसटीआर वन, २० ला थ्रीबी, त्यामुळे मी २१ तारखेच्या संध्याकाळी सुरू केलं, म्हणजे काही अडलंच तर हातात दिवस राहतात. मला अपग्रेड नको होतं, पूर्ण फॉरमॅट मारून नवीन टाकायचं होतं कारण मशीन फार जड झालं होतं. टॅलीवाल्यांनी लक्षात ठेवा, फॉरमॅटच्या आधी टॅलीमधूनच लायसन्स सरेंडर करा, नाहीतर नंतर चालू करताना अडकतं. डेटा फोल्डर मी नुसता कॉपी नाही केला, टॅलीतून बॅकअप घेतला, मिस्टरांच्या लॅपटॉपवर रिस्टोअर केला आणि दोन पार्ट्यांचे लेजर उघडून बॅलन्स जुळवून पाहिले. जुळल्याशिवाय फॉरमॅटला हात लावला नाही. डिजिटल सहीचं टोकन असतं त्यात सर्टिफिकेट टोकनमध्येच असतं, ते कुठे जात नाही, पण त्याचा ड्रायव्हर (जोडलेलं उपकरण विंडोजला ओळखता यावं म्हणून लागणारा प्रोग्राम) आणि एमसाइनर (पोर्टलवर सही करायचं सॉफ्टवेअर) परत टाकावं लागतं, म्हणून त्यांचे सेटअप आधीच पेनड्राइव्हवर घेऊन ठेवले होते. आणि क्रोममध्ये सेव्ह असलेले पासवर्ड, ते सिंक होतायत असं मी धरून चालले होते, बघितलं तर सिंक दीड वर्षापूर्वी बंद पडलेलं. पोर्टलचे चाळीसेक क्लायंटचे पासवर्ड होते त्यात! सिंक चालू केलं, मोबाइलवर आलेले दिसले तेव्हा जिवात जीव आला.

सिडको

थोडक्यात लिहितो. नवीन विंडोज टाकलं आणि वायफायच दिसेना कारण वायफायचा ड्रायव्हर नव्हता, आणि ड्रायव्हर डाउनलोड करायला नेट नव्हतं. शेवटी मोबाइल यूएसबी केबलने जोडून त्याचं नेट कॉम्प्युटरला दिलं. वायफाय आणि प्रिंटर, दोघांचे ड्रायव्हर आधी काढून ठेवा.

पिंपळगाव बसवंतजवळून, द्राक्षबागायतदार

आमचा लॅपटॉप म्हणजे बागेचं दप्तर. कोणत्या प्लॉटला कधी छाटणी झाली, कोणतं औषध किती मिली मारलं, काढणीला किती दिवस बाकी, सगळं एक्सेलमध्ये, एक्स्पोर्टचा माल द्यायचा तर फवारणीची नोंद मागतातच. आणि सपोर्ट संपायची तारीख आली ऐन ऑक्टोबर छाटणीत, तेव्हा कुठून वेळ, मजूर आणायचे का लॅपटॉप बघायचा. दिवाळी उलटल्यावर घेतलं मनावर.

अडचण नेटची. आमच्याकडं मोबाइलचंच नेट, दिवसाला दोन जीबी, आणि विंडोजची फाइल पाच जीबीच्या वर. दोन रात्री लावून ठेवलं, दोन्ही वेळा मधेच अडकलं. मग पुतण्या नाशकात कॉलेज रोडला राहतो, त्याला म्हटलं तू आयएसओ, म्हणजे विंडोजची ती पूर्ण फाइल, उतरव आणि पेनड्राइव्हवर घेऊन ये. तो ३२ जीबीचा पेनड्राइव्ह घेऊन बसला तर फाइल कॉपीच होईना, जागा आहे तरी म्हणतंय फाइल मोठी आहे. पेनड्राइव्ह फॅट ३२ या जुन्या पद्धतीत फॉरमॅट केलेला होता, त्यात एक फाइल ४ जीबीच्या वर बसतच नाही. एक्सफॅटमध्ये फॉरमॅट केल्यावर गेली कॉपी होऊन. फॉरमॅट करताना पेनड्राइव्हवरचं पुसतं हे ध्यानात ठेवा, त्याने आधी आतलं काढून घेतलं होतं.

लाइटीचं तर विचारूच नका. लॅपटॉप फुल चार्ज, वर इन्व्हर्टर, तरी मी शेजारच्या वायरमनला फोन करून विचारलं की आज संध्याकाळी काही शटडाउन आहे का. आयएसओवर डबल क्लिक केलं, सेटअप चालवला, त्यात अपडेट आत्ता नको असा पर्याय येतो तो निवडला, नाहीतर परत नेट मागतं. सी ड्राइव्हवर आधी ४० जीबी मोकळी करून ठेवली होती, सगळे लग्नाचे व्हिडिओ होते तिथं. सव्वा तास लागला. पहिल्यांदा एक्सेलच उघडलं, प्लॉट नंबर तीनची छाटणीची तारीख बघितली, होती जाग्यावर.

नाशिक रोड

मला वाटतं माझा अनुभव सगळ्यांनी वाचायला हवा म्हणून जरा सविस्तर लिहितेय. मुलीचा लॅपटॉप, विंडोज ११ चालणारा. अपग्रेडच्या आधी कंपनीचं बायोस अपडेट आलं होतं, केलं. रिस्टार्ट झाल्यावर निळा पडदा आणि त्यावर लिहिलेलं, बिटलॉकर रिकव्हरी की टाका. बिटलॉकर म्हणजे डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय, आम्ही ती कधी चालूच केलेली नव्हती. पण नवीन लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगिन केलं की डिव्हाइस एन्क्रिप्शन, म्हणजे तेच कुलूप, आपोआप चालू होऊ शकतं, हे आम्हाला त्या निळ्या पडद्यासमोर उभं राहून कळलं. की म्हणजे ४८ आकडे, सहा-सहाचे आठ गट. ती मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये साठवलेली असते. पण कोणत्या अकाउंटमध्ये? माझ्या अकाउंटला पाहिलं, नाही. ह्यांच्या, नाही. मुलीने लॅपटॉप घेतला तेव्हा कॉलेजने दिलेल्या ईमेलने लॉगिन केलं होतं, आणि कॉलेज संपून आठ महिने झालेले. तिची तिसऱ्या वर्षाची प्रोजेक्टची सगळी ड्रॉइंग आत अडकलेली, ती कोपऱ्यात बसून रडत होती आणि मला तर तिला काय सांगावं सुचेना. कॉलेजचं अकाउंट नशिबाने अजून बंद झालं नव्हतं. पडद्यावर की आयडी दिसतो, अकाउंटमध्येही तोच आयडी जुळवून पाहायचा आणि त्याच्यापुढची की टाकायची. ती वाचून दाखवत होती, मी टाकत होते, चौथ्या गटात एक आकडा चुकला, परत तपासलं, आणि उघडलं.

आता ती की दोन कागदांवर लिहून ठेवलीये, एक कपाटात लॅपटॉपच्या बिलासोबत, एक माझ्या भावाकडे. बायोस अपडेट करायच्या आधी बिटलॉकर सस्पेंड करता येतं, म्हणजे तात्पुरतं थांबवता येतं, तेही आता करतो. आज घरी जाऊन पहिलं काम हेच करा, आपली की कोणत्या अकाउंटमध्ये आहे ते बघा.

अंबड

आमचं छोटं वर्कशॉप. एका मशीनला प्रोग्राम पाठवणारा कॉम्प्युटर आहे, सिरियल पोर्टच्या केबलने, सॉफ्टवेअर इतकं जुनं की ३२ बिटच्या विंडोजवरच चालतं. विंडोज ११ फक्त ६४ बिटमध्ये येतं, १६ बिटची जुनी सॉफ्टवेअर त्यावर चालतच नाहीत. म्हणून तो कॉम्प्युटर अपग्रेड नाही केला, त्याचं नेट मात्र कायमचं काढलं, केबलच उपसून ठेवली, आणि पूर्ण डिस्कची इमेज, म्हणजे हुबेहूब प्रत, घेऊन दुसऱ्या डिस्कवर ठेवली. पेनड्राइव्ह आधी ऑफिसच्या कॉम्प्युटरला स्कॅन होतो, मग तिकडे लागतो. सगळंच अपग्रेड करायला पाहिजे असं मला नाही वाटत.

पंचवटी, पत्रिका आणि फ्लेक्सचं काम

ज्यांचं मराठी टायपिंग जुन्या फॉन्टमध्ये आहे त्यांच्यासाठी लिहितोय, कारण या विषयावर कुणी बोलत नाही. माझ्याकडे जवळपास वीस वर्षांच्या लग्नपत्रिका, उत्तरकार्याच्या पत्रिका, मंडळांच्या पावत्या, सगळं श्रीलिपी या जुन्या मराठी फॉन्टच्या सॉफ्टवेअरमध्ये आणि कोरल या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये. युनिकोड, म्हणजे कुठल्याही मशीनवर मराठीच दिसणारं टायपिंग, ते नाही. म्हणजे फॉन्ट नसेल तर "श्री गणेशाय नमः" च्या जागी नुसती इंग्रजी चिन्हं आणि टिंबं दिसतात. एकाच घरातल्या आजोबांची, बापाची आणि आता मुलाची पत्रिका माझ्याकडे झालेली आहे, लोक येऊन म्हणतात मागच्या वेळसारखंच मांडा, नावांचा क्रम तोच ठेवा. ते हरवून कसं चालेल?

तर मी असं केलं. आधी फॉन्ट फोल्डर पूर्ण कॉपी केला. डोंगल (सॉफ्टवेअरच्या लायसन्सची यूएसबी चावी) नवीन विंडोजवर चालेल का हे विक्रेत्याला फोन करून विचारलं, त्यांनी नवीन ड्रायव्हर दिला. मग रोज दुकान बंद केल्यावर तासभर बसून प्रत्येक फाइलच्या दोन प्रती काढल्या, एकीत अक्षरं कर्व्हज करून, म्हणजे फॉन्ट नसला तरी आकार जात नाही, आणि एक पीडीएफ. कर्व्हज केलेल्या फाइलमध्ये नंतर शब्द बदलता येत नाही, म्हणून मूळ फाइल फेकायची नाही, ती वेगळी ठेवायची. नेहमी लागणारा मजकूर, आमंत्रणाच्या ओळी, पंचांगातली नावं वगैरे कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये आणला. कन्व्हर्टरवर डोळे झाकून विश्वास ठेवू नका, रफार आणि जोडाक्षरं हमखास चुकतात, "कार्य"चा रफार चुकीच्या अक्षरावर बसला होता. दीड महिना लागला मला. आता सिंहस्थाची कामं यायला लागतील, तेव्हा मशीन बंद ठेवून चालणार नव्हतं, म्हणून आधीच केलं.

मखमलाबाद, इंजिनिअरिंगला आहे

२०१३ चा लॅपटॉप, ११ चालणारच नव्हतं. रजिस्ट्रीत (विंडोजच्या आतल्या सेटिंगमध्ये) बदल करून टाकतात काही जण, पण ११ च्या २४एच२ या आवृत्तीपासून फार जुन्या प्रोसेसरवर ते बूटच होत नाही. मी विंडोजच्या जागी लिनक्स मिंट ही फुकट मिळणारी दुसरी सिस्टिम टाकली. आधी पेनड्राइव्हवरून नुसती चालवून पाहता येते, डिस्कला हात न लावता, त्यात वायफाय, आवाज, इनस्क्रिप्टने मराठी टायपिंग सगळं तपासलं आणि मगच इन्स्टॉल केलं. बाबा त्यावर बातम्या वाचतात, बँकेचं बघतात, त्यांना काही अडलं नाही.

गंगापूर रोड, परत मी

बऱ्याच जणांनी विचारलं की मशीन ११ ला पात्र नाही आणि नवीन घ्यायला आत्ता पैसे नाहीत, तर काय? विंडोज १० ची २२एच२ ही शेवटची आवृत्ती असेल तर सेटिंग्जमधल्या अपडेटच्या पानावर वाढीव सुरक्षा अपडेटसाठी नोंदणी करता येते, ती घरगुती वापरासाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत आहे. मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगिन करून सेटिंग्ज सिंक केल्या तर फुकट, नाहीतर ३० डॉलर. काकांच्या मशीनवर मी तेच केलंय. तोपर्यंत सवड मिळते, तेवढ्यात डेटा आवरून घ्या.

आणि ज्यांनी अपग्रेड केलंय आणि काही बिनसलंय त्यांनी दहा दिवसांच्या आत बघा, तेवढ्यात परत विंडोज १० वर जाता येतं. तोपर्यंत जागा मोकळी करायची म्हणून विंडोज डॉट ओल्ड फोल्डर उडवू नका, जुनं विंडोज त्यातच असतं.

देवळाली कॅम्प

मी निवृत्त शिक्षिका आहे, वय ७१. तुमचं सगळ्यांचं वाचून धीर आला म्हणून लिहिते. आमच्या ह्यांना जाऊन तीन वर्षं झाली. त्यांचे फोटो, आणि त्यांनी टाइप केलेल्या त्यांच्या लहानपणच्या आठवणी, सगळं जुन्या कॉम्प्युटरवर, डेस्कटॉपवर एका फोल्डरमध्ये. मी स्वतः पेनड्राइव्हवर कॉपी केलं. एका सेकंदात झालं. मला आनंद झाला की जमलं. अपग्रेड करायला मुलगा पुण्याहून येणार होता, पण वर इंदिरानगरच्या ताईंनी लिहिलंय ना की दुसऱ्या मशीनवर उघडून बघा, म्हणून शेजारी गेले आणि त्यांच्या लॅपटॉपला पेनड्राइव्ह लावला. आत एकच चित्र, कोपऱ्यात छोटा बाण, आणि आकार २ केबी. शेजारच्या मुलाने सांगितलं, आजी हा शॉर्टकट आहे, नुसता रस्ता दाखवतो, आत काही नसतं. खरा फोल्डर डी ड्राइव्हवर होता.

तो माझ्याबरोबर घरी आला. खरा फोल्डर शोधून कॉपीला लावला तेव्हा ती हिरवी पट्टी बावीस मिनिटं सरकत होती. मग परत त्यांच्या घरी जाऊन उघडलं. आठवणींची फाइल उघडली, पहिलीच ओळ भगूरच्या शाळेची होती. मी तिथेच बसून तीन पानं वाचली. मुलगा शनिवारी येतोय, आता त्याला म्हणणार आहे, कर तुला काय करायचं ते.