स्टॅबिलायझेशन बंद करून पुन्हा घेऊन बघा

तुळशीचा व्हिडिओ मोबाइलवर स्टॅबिलायझेशन (हलणारं चित्र स्थिर करणारी सोय) चालू ठेवून घेतला आणि त्यावरून बनवलेल्या थ्रीडी मॉडेलमध्ये पानांऐवजी नुसता लगदा आला, असं तुम्ही लिहिलंय. मला तर स्टॅबिलायझेशनचाच संशय येतो. हात हलला की फोन प्रत्येक फ्रेम वेगळी कापतो, सरकवतो, कधी ताणतोही. डोळ्यांना ते छान दिसतं, पण कोलमॅपमध्ये, म्हणजे फोटोंवरून थ्रीडी मॉडेल बनवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, आपण सगळ्या फ्रेमना एकच लेन्स धरतो, तो हिशेबच बिघडतो. माझ्या जास्वंदीच्या मॉडेलमध्ये एकेका पानाला दोन-दोन कडा आल्या होत्या, मध्ये बोटभर फट.

गिंबल (कॅमेरा स्थिर धरणारा मोटरचा दांडा) असेल तर खुशाल वापरा, तो अख्खा कॅमेराच सावरतो, चित्राला हात लावत नाही. नसेल तर भरपूर उजेडात शटर १/५०० सेकंद ठेवा, फोकस लॉक करा आणि कुंडीभोवती अगदी सावकाश फिरा. मग सेकंदाला दोन-तीन फ्रेम काढून धूसर निघतील त्या टाकून द्या.

आणि पंखा बंद! पान हललं तर त्यावर कुठलीच सेटिंग चालत नाही. मंजिऱ्यांसाठी जवळून एक वेगळी फेरी मारा, लांबून घेतल्या तर त्या मॉडेलमधून हमखास गळतात.