झोळी, खोका की आईची कूस: तान्ह्याला झोपवायचं कुठे?

कुळागर:
काल इथे एक पोस्ट आली. 'तान्ह्या बाळासाठी काही विकत घ्यायची गरज नाही. एक जुनी साडी आणि छताला एक हुक, रात्रभर झोळीत झोपवा. बाकी सगळं बाजाराचं खूळ.' यातलं पहिलं वाक्य मला शंभर टक्के मान्य. दुसरं वाचून गप्प बसवेना.

झोळीत बाळाची पाठ गोल होते आणि हनुवटी छातीला टेकते. तीन आठवड्यांच्या बाळाला मान सावरता येत नाही. मान पुढे दुमडली की श्वासाची वाट अरुंद होते, आणि हे अगदी शांतपणे होतं. बाळ रडत नाही की धडपडत नाही, शेजारी झोपलेल्याला पत्ता लागत नाही. वर साडीच्या दोन्ही कडा मिटून नाकासमोर येतात. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २०२२ साली स्पष्ट सांगितलं की १० अंशांहून जास्त उताराची जागा झोपेसाठी नको. झोळीत तर सपाट जागा औषधालाही नसते.

लागतं ते एवढंच: सपाट, घट्ट, रिकामी जागा, आईच्या हाताच्या अंतरावर, आणि बाळ पाठीवर. फिनलंडमध्ये १९३८ पासून सरकार बाळंतिणींना बाळाचं सामान देतं, ते येतं पुठ्ठ्याच्या खोक्यातून. त्याच्या तळाला पातळ गादी असते, बाळ त्यातच झोपू शकतं. आपल्याकडे जुलैत पुठ्ठ्याचा लगदा होईल, म्हणून लाकडी खोका करावा. सोबत तीन सुती चादरी, रबरी कापडाचे दोन तुकडे आणि एक मच्छरदाणी. यापुढची यादी दुकानदाराची.

सत्तरीची माई:
पोस्ट माझीच आहे, नाव घेऊन बोला. झोळी बांधायची रीत तुम्हाला ठाऊक नाही, म्हणून हे लिहिता. साडी सुती आणि दुहेरी घ्यायची, नायलॉन नाही. दोन्ही कडांच्या मध्ये आडवी काठी घालायची, मग तोंडावर कापड मिटत नाही. तळाला चौपदरी गोधडी. आमच्याकडची पोरं पिढ्यान्‌पिढ्या अशीच वाढली. आणि खोका काय झाडाला लागतो? त्यालाही पैसेच पडतात. काही नको म्हणता, तर बाळाला आईच्या कुशीत झोपवा. त्याहून स्वस्त काय आहे?

परिचारिका, डिचोली:
माई, काठीने झोळीचं तोंड उघडं राहतं, पाठीचा बाक जात नाही. अडचण त्या बाकाची आहे. चौपदरी गोधडीने तर बाळ आणखी रुततं. झोळी हवीच असेल तर दिवसा, नजरेसमोर, शांत करण्यापुरती. डोळा लागला की उचलून सपाट जागी पाठीवर ठेवायचं.

कुशीचं तुम्ही म्हणता ते मी उडवून लावणार नाही. रात्रीत चार-पाचदा पाजणारी आई कधीतरी आडवी होऊन झोपणारच. अकादमी एका अंथरुणाला मान्यता देत नाही आणि पहिल्या चार महिन्यांत धोका सर्वांत जास्त म्हणते. पण पाजता पाजता झोप लागणार असेल तर सोफ्यापेक्षा अंथरूण बरं, हेही तीच सांगते. सोफ्याच्या फटीत बाळ अडकतं. बाळ ३७ आठवड्यांआधी जन्मलेलं किंवा अडीच किलोच्या आतलं असेल, घरात कोणी विडी-सिगारेट ओढत असेल, दारू घेतली असेल किंवा झोपेची गोळी घेतली असेल, तर कूस बाद. हे काही नसेल तरी बाळ भिंतीच्या बाजूला नको, कारण गादी आणि भिंत यांच्या फटीत ते सरकतं. मोठ्यांची पांघरुणं कमरेखाली, केस बांधलेले, गळ्यात लांब मंगळसूत्र नाही.

आणि एक मोहरीची उशी! डोकं गोल व्हावं म्हणून अजून घरोघरी शिवतात. ती झोपेच्या जागेत नको म्हणजे नको. बाळ जागं असताना पोटावर खेळवा आणि झोपवताना रोज उशापायथ्याची बाजू बदला, डोकं आपोआप आकाराला येतं. दार लावून दिलेली धुरी हीसुद्धा त्या खोलीत बंद व्हायला हवी. बाळाच्या फुप्फुसाला धूर तो धूरच, लसणीच्या सालींचा असो की ओव्याचा.

रंधा:
खोक्याचं माप देतो. आतून लांबी ७५ सेंमी, रुंदी ४५, उंची ३०. गादी काथ्याची, ४ ते ५ सेंमी जाडीची. म्हणजे गादीच्या वर २५ सेंमी कठडा उरतो. जन्मवेळी बाळ साधारण ५० सेंमी असतं, चार-पाच महिने जागा पुरते. कुशीवर वळायला लागलं किंवा हातांवर उठायला लागलं, की त्याच दिवशी खोका बंद, कपडे ठेवायला घ्या.

लाकूड फणसाचं, नाहीतर आयएस ७१० या भारतीय मानकाच्या छापाचं, पाण्यात टिकणारं मरीन प्लाय. आंब्याच्या फळ्या पावसात वाकतात. तळ सलग ठेवू नका. पट्ट्या मारा, मध्ये दोन-दोन सेंमी फट सोडा. सलग तळावर काथ्याच्या गादीला खालून बुरशी धरते आणि वरून काही दिसत नाही. ऊन पडेल त्या दिवशी गादी उभी करून ठेवायची. गादी आणि फळी यांच्यात दोन बोटांहून जास्त जागा नको. घट्टपणा तळवा दाबून बघा, उचलल्यावर खळगा राहिला तर ती गादी मोठ्यांची. रंग लावू नका, नुसता पॉलिश कागद मारा.

सत्तरीची माई:
आणि मुंग्या? पावसात तांबड्या मुंग्या भिंतीतून निघतात. दूध ओघळलेल्या चादरीवर पाच मिनिटांत रांग लागते. झोळी हवेत असते म्हणून तिथे मुंगी कमी. तुमचा खोका जमिनीवर!

रंधा:
खोक्याला ४० सेंमीचे पाय लावा, पायांखाली पाण्याच्या वाट्या. भिंतीपासून १५ सेंमी दूर.

परिचारिका, डिचोली:
पाण्याच्या वाट्या? बाळाच्या उशाशी डेंग्यूचे डास पाळायचे? चार वाट्या म्हणजे चार पैदास केंद्रं. नुसतं पाणी बदलूनही भागत नाही. तो डास अंडी पाण्याच्या रेषेवर, वाटीच्या कडेला चिकटवतो. ती कोरडी होऊनही कित्येक महिने जिवंत राहतात आणि पाणी घातलं की फुटतात. आठवड्याला एकदा वाटी आतून घासायलाच हवी.

आल्तिनो:
मग साबणाचं पाणी घाला. मुंगी तरंगत नाही, बुडते. अळीही जगत नाही. यात भांडायचं काय आहे?

परिचारिका, डिचोली:
साबणाचं पाणी चालेल. पण तेही वाळतं, आणि बाळंतिणीच्या घरात वाट्यांकडे कोण बघणार? त्यापेक्षा पायाला पेट्रोलियम जेलीचा चार बोटं रुंद पट्टा लावा. धूळ बसली की पुसून नवा. मुंग्यांचा खडू मात्र त्या खोलीत आणू नका, ते कीटकनाशक आहे. आणि मच्छरदाणी भिंतीला टेकली की मुंग्यांचा पूल तयार झालाच.

आल्तिनो:
मच्छरदाणीचा एवढा सोस कशाला? संध्याकाळी लिक्विडचं मशीन लावलं की झालं.

परिचारिका, डिचोली:
नाही झालं! डेंग्यूचा डास दिवसा चावतो, बाळाच्या सकाळच्या झोपेत. वीज गेली की मशीन बंद, आणि जूनमध्ये वीज किती टिकते ते सांगायला नको. अगरबत्ती म्हणजे पुन्हा धूर. डास पळवणाऱ्या डीट या रसायनाची अंगाला लावायची मलमं दोन महिन्यांच्या आत चालत नाहीत. लिंबासारख्या वासाच्या निलगिरीचं तेल तर तीन वर्षांच्या आत नाही. उरली जाळी. छत्रीसारखी उघडणारी घेऊ नका. तिच्यासोबतची गादी मऊ असते, आणि जाळी अंगाला टेकली की डास बाहेरून चावतो. खोक्याच्या चार कोपऱ्यांना ६० सेंमीच्या काठ्या लावून जाळी ताणून बांधा, लोंबती ठेवू नका. कडा गादीखाली खोचा.

कुळागर:
जमिनीवर अंथरूण घालणाऱ्यांनी हे दोनदा वाचावं. मण्यार रात्री फिरते, जास्त करून जमिनीवर झोपलेल्यांना चावते आणि चावल्याचं बऱ्याचदा कळतही नाही. खोचलेली जाळी त्या सापालाही अडवते आणि घोण या बहुपायी किड्यालाही. जुन्या चिऱ्यांच्या घरात तर आई आणि बाळ दोघांनीही उंचावरच झोपावं.

सत्तरीची माई:
मण्यारीचं खरं आहे, ते मी नाकारत नाही. रात्री झोळी नको, हेही धरून चालू. पण दिवसा, डोळ्यांसमोर, डोळा लागेपर्यंत मी ती सोडायला सांगणार नाही, आणि कोणा सुनेला त्यावरून घाबरवलेलं मला खपणार नाही. हुक कशात आहे तेवढं मात्र बघा. कौलारू घरातल्या वाशाला वाळवी लागलेली वरून दिसत नाही. हातोडीने ठोकून पाहा, पोकळ आवाज आला तर तिथे बांधू नका.

रंधा:
स्लॅबच्या घरातही पंख्याच्या हुकाला बांधू नका. पंखा स्थिर लटकतो, झोळी झोके घेते. तो ताण वेगळा असतो, हुक हळूहळू सैल होतो.

आल्तिनो:
जाळीचं मान्य. पण जाळीत उकडतं त्याचं काय?

परिचारिका, डिचोली:
उकडतंय की नाही ते मानेच्या मागे हात घालून बघा, हातापायांवरून नाही, ते थंडच असतात. मान घामेजली असेल तर टोपरं आधी काढा, मग दुपटं. घरात झोपलेल्या बाळाला टोपरं लागत नाही.